जागा नाही, तारीख नाही: स्वस्तातली लाइव्ह क्लासिक रॉक संकलनं

टेपरेकॉर्डर (मुंबई)

गेल्या रविवारी फोर्टात फुटपाथवरच्या जुन्या पुस्तकांच्या ढिगात तीन सीडींचा एक संच सापडला. दीडशे रुपये सांगितले, घासाघीस न करता दिले. पुठ्ठ्यावर विजेचा लोळ आणि त्यावर मोठ्या अक्षरांत 'लाइव्ह'. मागे ४२ गाण्यांची यादी: बीटल्स, यार्डबर्ड्स, डीप पर्पल, हॉकविंड, कॅन्ड हीट आणि इतर बरेच. यादी तेवढीच. कुठे वाजवलं, कोणत्या साली, टेप कोणी केलं, अवाक्षर नाही. कंपनीचं नाव मी कधी ऐकलेलं नाही, पत्ता युरोपातला.

अशा मालाकडे जाणकार ढुंकून बघत नाहीत हे मला माहीत आहे. पण माझा त्यावर जीव आहे, म्हणून हा धागा काढतोय. १९८७-८८ मध्ये माझ्याकडे कंपनीची एकही रॉक कॅसेट नव्हती. दादरला एका दुकानात कोरी कॅसेट आणि गाण्यांची यादी दिली की चार दिवसांनी भरून मिळायची. त्या दुकानदाराकडे रॉकच्या ज्या थोड्या तबकड्या होत्या त्या परदेशातून कोणीतरी आणलेल्या, अशाच स्वस्त संकलनांच्या. त्यामुळे मी आयुष्यात पहिल्यांदा जे रॉक ऐकलं ते सगळं लाइव्ह. स्टुडिओतली मूळ गाणी कितीतरी वर्षांनी कानावर पडली आणि तेव्हा ती मला रिकाम्या सभागृहात म्हटल्यासारखी वाटली. लोक कुठे गेले, असंच मनात आलं.

आता दोन प्रश्न.

पहिला: या कंपन्यांना ही रेकॉर्डिंग मिळतात कुठून? आणि स्वस्त संकलनांत लाइव्हच गाणी इतकी का असतात?

दुसरा: दुसऱ्या सीडीवरचं सातवं गाणं. कलाकार म्हणून 'एरिक क्लॅप्टन आणि यार्डबर्ड्स', गाणं 'टेक इट ईझी बेबी'. पण गाणारा माणूस क्लॅप्टन नाही आणि यार्डबर्ड्सचा गायक कीथ रेल्फही नाही. आवाज वयस्कर, घोगरा, सावकाश. माऊथ ऑर्गन तोच वाजवतोय, कारण शब्द संपतो तिथेच वाद्य सुरू होतं, दोन्ही एकदम कधीच नाही. गिटार फार मागे आहे. लोक थोडेच आहेत, खोली लहान वाटते. हा माणूस कोण आणि ही खोली कुठली, हे कोणी सांगू शकेल का?

सातारकर

टेपरेकॉर्डर, कॅसेट भरून घेण्याचं वाचलं आणि सगळं डोळ्यांपुढे आलं. माझ्या मोठ्या भावानं डीप पर्पलचं 'मेड इन जपान' असंच भरून आणलं होतं, साठ मिनिटांच्या कॅसेटवर. मूळ अल्बम ७५ मिनिटांच्या वर आहे. त्यामुळे 'स्पेस ट्रकिन'' मध्येच खटकन तुटायचं, आणि ते तिथेच संपतं अशी आमची अनेक वर्षं समजूत होती. पुढे संपूर्ण ऐकलं तेव्हा त्या तुटलेल्या जागेनंतर एवढं मोठं वादन होतं हे कळून मी सुन्न बसलो होतो.

सांगायचा मुद्दा वेगळा. 'मेड इन जपान' हा अल्बमच मुळात कमी पैशांत उरकायचा म्हणून ठरला होता. जपानमधल्या कंपनीला फक्त जपानपुरती लाइव्ह तबकडी हवी होती. बँडला फारसा उत्साह नव्हता, पण करायचंच तर आमचा माणूस टेप करेल अशी अट घालून त्यांनी मार्टिन बर्चला नेलं. १९७२ चा ऑगस्ट: १५ आणि १६ तारखेला ओसाकाचं फेस्टिव्हल हॉल, १७ ला टोकियोचं बुदोकान. बहुतेक गाणी १६ तारखेची, 'स्मोक ऑन द वॉटर' १५ ची, 'लेझी' आणि 'द म्यूल' टोकियोची. नंतर स्टुडिओत काही भरलं नाही असं बँड आजही सांगतो. मिक्सिंगला बँडमधले ग्लोव्हर आणि पेस बसले होते. पुढे तो जगभर विकला गेला आणि आज लाइव्ह रॉकचा विषय निघाला की पहिल्या पाचांत त्याचं नाव येतं.

तेव्हा खर्च किती केला यावर काही ठरत नाही. कुठल्या रात्रीचं गाणं आहे हे ज्याला माहीत होतं त्यानं ते निवडलं, म्हणून तो अल्बम टिकला. तुमच्या संचावर डीप पर्पलचं कोणतं गाणं आहे? किती मिनिटांचं आहे ते सांगा, बाकीचं शोधता येईल.

लीड्सवासी

माझं दोन वर्षांचं शिक्षण लीड्स विद्यापीठात झालं. तिथल्या रिफेक्टरीत, म्हणजे विद्यार्थ्यांच्या जेवणाच्या मोठ्या दालनात, मी रोज दुपारी जेवायचे. दाराजवळ निळी पाटी आहे: १४ फेब्रुवारी १९७०, द हू. पहिल्या दिवशी ती पाटी वाचून मी ताट तसंच हातात धरून उभी राहिले होते.

त्या रात्रीच्या मैफलीचा त्यांचा अल्बम, 'लाइव्ह ॲट लीड्स', त्याच वर्षी मे महिन्यात आला. गंमत बघा, केवढ्या मोठ्या बँडचा अल्बम, पण वेष्टन साधं तपकिरी आणि त्यावर रबरी शिक्का मारल्यासारखं नाव. त्या काळात चोरून छापलेल्या तबकड्या, ज्यांना बूटलेग म्हणतात, अशाच दिसायच्या. टेपमध्ये करकर होती, तर तबकडीच्या लेबलवरच हातानं लिहिलं होतं की हे करकरणारे आवाज ठीक आहेत, दुरुस्त करू नका. सहाच गाणी. १९९५ च्या सीडीवर ती करकर काढली आणि गाणी १४ झाली.

मला त्या लेबलाबद्दल फार आदर वाटतो. दोष आहे, तो आम्हाला माहीत आहे, आणि तो कुठल्या रात्रीचा आहे तेही तुम्हाला सांगतो. टेपरेकॉर्डर, तुमच्या संचात नेमकं हेच नाही.

कलम_अडतीस

पहिल्या प्रश्नाचं उत्तर देते, हे माझ्या कामाच्या पट्ट्यात येतं.

एका गाण्यात हक्कांचे निदान तीन थर असतात. गाणं रचणाऱ्याचा हक्क, ध्वनिमुद्रणाचा हक्क आणि ते सादर करणाऱ्या कलाकाराचा हक्क. स्टुडिओत केलेल्या मूळ टेपचा हक्क बहुधा मोठ्या कंपनीकडे असतो. ती टेप संकलनासाठी वापरायला मागितली तर रक्कम मोठी, आणि कंपनी नाहीही म्हणू शकते. पण त्याच बँडनं तेच गाणं कुठल्यातरी मैफलीत वाजवलं आणि ते रेडिओनं किंवा आयोजकानं टेप केलं, तर ते ध्वनिमुद्रण वेगळं, त्याचा मालक वेगळा. रचनेचे ठरलेले पैसे भरले आणि त्या मालकाशी थोडक्यात व्यवहार जमला की पुठ्ठ्यावर तेच नाव, तेच गाणं छापता येतं. स्वस्त संकलनांत लाइव्ह गाणी भरलेली असतात त्याचं मूळ इथे आहे.

याचा सरळ मार्गही आहे आणि वाकडाही. सरळ मार्गाचं मोठं उदाहरण अमेरिकेतला 'किंग बिस्किट फ्लॉवर अवर' हा रेडिओ कार्यक्रम. १८ फेब्रुवारी १९७३ ला सुरू झाला, देशभरातल्या एफएम केंद्रांवर रविवारी रात्री लागायचा. पहिल्याच भागात महाविष्णू ऑर्केस्ट्रा होता आणि तेव्हा फारसा कोणाला ठाऊक नसलेला ब्रूस स्प्रिंग्स्टीन. नीट, व्यावसायिक यंत्रांवर टेप केलेल्या मैफली. १९९० च्या दशकात त्या साठ्यातून सीडी निघू लागल्या आणि त्यातली गाणी सुट्टी होऊन संकलनांत गेली. २००६ मध्ये सगळा साठा एका संकेतस्थळानं विकत घेतला. तुमच्या संचात सत्तरच्या दशकातलं, आवाज स्वच्छ असलेलं एखादं अमेरिकी गाणं असेल तर या वाटेनं आलेलं असण्याची शक्यता बरीच.

वाकडा मार्ग म्हणजे कायद्यातली फट. तुम्ही 'पत्ता युरोपातला' म्हणालात म्हणून लिहिते. १९८३ मध्ये गायक फिल कॉलिन्सचा कॅलिफोर्नियात कार्यक्रम झाला. तो कोणीतरी त्याच्या परवानगीशिवाय टेप केला आणि त्याची सीडी जर्मनीत उघड विकली जाऊ लागली. तिथल्या कायद्यात जर्मन कलाकाराला जगात कुठेही झालेल्या कार्यक्रमासाठी संरक्षण होतं, परदेशी कलाकाराला मात्र कार्यक्रम जर्मनीत झाला असेल तर. कॉलिन्स ब्रिटिश आणि मैफल अमेरिकेतली, म्हणून तो दोन्हीकडून बाहेर. प्रकरण युरोपीय न्यायालयात गेलं. २० ऑक्टोबर १९९३ ला निकाल लागला: युरोपीय समुदायातल्या एका देशाच्या नागरिकाला दुसऱ्या सदस्य देशानं असं डावलता येणार नाही. त्यानंतर ती फट बुजत गेली. अमेरिकेनंही १९९४ च्या डिसेंबरात परवानगीशिवाय मैफल टेप करण्याविरुद्ध कायदा केला. पण तोवर छापलेल्या सीडी जगभर पोचल्या होत्या, आणि पुढे त्या फुटपाथांवर येऊन विसावल्या.

आपल्याकडे कलाकाराचा हक्क कॉपीराइट कायद्यात आला तो १९९४ च्या दुरुस्तीनं, कलम ३८. आधी मुदत २५ वर्षं, १९९९ मध्ये ती ५० केली. माझं इथलं नाव त्यावरूनच.

टेपरेकॉर्डर (मुंबई)

कलम_अडतीस, हे कोणी इतकं सोपं करून कधीच सांगितलं नव्हतं, मनापासून आभार. म्हणजे जागा आणि तारीख न छापण्यामागे आळस नसून ती लपवण्यात त्यांचा फायदाही असू शकतो. हे वाचून संच पुन्हा उघडला आणि खरं सांगतो, थोडं वाईट वाटलं.

सातारकर, डीप पर्पलचं 'हायवे स्टार' आहे, आठ मिनिटांच्या आसपास. बीटल्सची दोन गाणी आहेत, आवाज विहिरीतून आल्यासारखा.

एल्बेकाठी

विहिरीतला तो आवाज मी ओळखतो. मी हॅम्बुर्गला राहतो, त्या जागेपासून ट्रामच्या जुन्या रस्त्यानं चालत अर्ध्या तासावर.

तुमची बीटल्सची गाणी बहुधा इथल्या स्टार-क्लब या नाइटक्लबमधली आहेत. १९६२ च्या डिसेंबरात बीटल्स तिथे शेवटचं वाजवून गेले. 'लव्ह मी डू' ऑक्टोबरमध्ये आलं होतं, पण हॅम्बुर्गचा करार आधीच झाला होता म्हणून नाइलाजानं आले. टेड टेलर नावाचा लिव्हरपूलचाच गायक, 'किंगसाइझ टेलर' म्हणून ओळखला जायचा, त्याच्या ग्रुंडिगच्या घरगुती रीळ-यंत्रावर हे टेप झालं. रीळ मंद गतीनं, एक मायक्रोफोन, आजूबाजूला ग्लासांचा खणखणाट आणि वेटरांची हाकाहाकी. ती रिळं वर्षानुवर्षं तशीच पडून होती. १९७७ मध्ये बराच खर्च करून आवाज जमेल तेवढा साफ केला आणि २६ गाण्यांचा दुहेरी अल्बम काढला. पुढची वीस वर्षं तीच गाणी नव्या नव्या पुठ्ठ्यांत, वेगवेगळ्या स्वस्त कंपन्यांकडून, कधी दहा, कधी बारा अशी विकली गेली. कित्येकांवर १९६४ सालचे हसरे फोटो होते. १९९८ मध्ये लंडनच्या न्यायालयात खटला उभा राहिला, जॉर्ज हॅरिसन स्वतः साक्षीला आला, आणि रिळं बीटल्सच्या कंपनीकडे गेली.

आवाज वाईट आहे हे कबूल. पण मला यातलं एक फार मोलाचं वाटतं. 'प्लीज प्लीज मी' या त्यांच्या पहिल्या अल्बममधली १४ पैकी १० गाणी ११ फेब्रुवारी १९६३ ला एका दिवसात टेप झाली. स्टार-क्लबची रिळं त्याच्या सहा-सात आठवडे आधीची. हे चौघे रोज रात्री तासन्‌तास दमलेल्या, प्यायलेल्या गर्दीपुढे कसे वाजवत होते याचा इतका लांब ध्वनिपुरावा दुसरा नाही. तो वेगात, बेदरकार आहे, आणि रिंगोचे ड्रम त्यात जसे पुढे आहेत तसे पुढच्या दोन वर्षांत कुठेच ऐकू येत नाहीत. क्लब १९६९ मध्ये बंद झाला. आता त्या अंगणात एक स्मृतिशिला आहे, त्यावर तिथे वाजवून गेलेल्यांची नावं. मी पाहुण्यांना घेऊन जातो, शिलेसमोर उभं करून फोनवर तीच टेप लावतो.

निखळ_आवाज

सगळ्यांच्या आठवणी वाचल्या, पण माझं मत वेगळं आहे आणि ते स्पष्ट मांडतो.

असल्या संकलनांनी कलाकाराचं नुकसान होतं आणि ऐकणाऱ्याचंही. मी कॉलेजात असताना रंगभवनला 'इंडिपेन्डन्स रॉक' हा रॉक महोत्सव सुरू झाला, १९८६ मध्ये. धोबीतलावच्या त्या उघड्या मंचासमोर पावसाळी हवेत उभं राहून ऐकलेला आवाज माझ्या छातीत अजून आहे. ज्यानं असं ऐकलंय त्याला या सीडींमधला चपटा आवाज सहन होत नाही. वीस मिनिटांचं वादन चार मिनिटांत कापतात, शेवटी आवाज हळूहळू मिटवून पुढचं गाणं लावतात. मैफलीत एका गाण्याच्या शेवटातून दुसरं उगवतं, ती जागाच कापून टाकली तर राहिलं काय? त्यात आणखी एक प्रकार: बँडमधला एखादाच जुना माणूस, बाकी नवीन भरती, कार्यक्रम नव्वदच्या दशकातला आणि पुठ्ठ्यावर फोटो १९७० चा. ही फसवणूक आहे. चांगले अधिकृत लाइव्ह अल्बम ढिगानं आहेत, ते ऐका.

सातारकर

निखळ_आवाज, गाण्यांमधली जागा कापण्याबद्दल शंभर टक्के सहमत. अगदी वर्मावर बोट ठेवलंत.

पण अधिकृत म्हणजे निखळ असं मात्र नाही. यार्डबर्ड्सचंच घ्या, धाग्यात नाव आलंच आहे. ३० मार्च १९६८ ला न्यूयॉर्कच्या अँडरसन थिएटरात त्यांचा कार्यक्रम टेप झाला, गिटारवादक जिमी पेज तेव्हा बँडमध्ये होता. बँडला टेप आवडली नाही म्हणून ती बाजूला ठेवली. पुढे लेड झेपलिनमुळे पेजचं नाव झालं आणि १९७१ मध्ये मोठ्या कंपनीनं ती काढली, तीही वरून बाहेरचा प्रेक्षकांचा गोंगाट चिकटवून. बैलझुंजीच्या मैदानातल्या आरोळ्या त्यात ऐकू येतात असं म्हणतात, आणि ऐकल्यावर ते पटतं. पेजनं कायद्याचा आधार घेऊन ती मागे घ्यायला लावली. गोंगाट काढून टाकलेली मूळ टेप त्यानं स्वतः २०१७ मध्ये प्रसिद्ध केली. थिन लिझीच्या 'लाइव्ह अँड डेंजरस'बद्दलचा वाद तर अजून मिटलेला नाही. निर्माता टोनी व्हिस्कोंटी म्हणतो बराच भाग नंतर स्टुडिओत भरला, बँडच्या बाजूचे लोक ते फेटाळतात. मला तो अल्बम प्राणप्रिय आहे, तो वाद माहीत असूनही.

टेपरेकॉर्डर, चिकटवलेला गोंगाट ओळखायची एक युक्ती. प्रत्येक गाण्याच्या शेवटच्या टाळ्या हेडफोन लावून लागोपाठ ऐका. एकच शिट्टी, एकच आरोळी दोन वेगळ्या बँडांच्या गाण्यांखाली सापडली तर समजा, टाळ्यांचा एकच तुकडा सगळीकडे लावलाय.

लीड्सवासी

सातारकर आणि निखळ_आवाज, तुम्हा दोघांच्या मधे मला एक तिसरीच गोष्ट दिसते. स्वस्त आणि तरीही प्रामाणिक असे लाइव्ह अल्बम झाले आहेत, आणि त्यांच्या वाट्याला पुरेसं कौतुक आलेलं नाही.

'ग्रीसी ट्रकर्स पार्टी' ऐकलंय का कोणी? १३ फेब्रुवारी १९७२, लंडनचं राउंडहाउस. ब्रिटनमध्ये खाणकामगारांचा संप चालू होता, गावोगाव वीज जात होती. अशा दिवसांत सामाजिक कामासाठी पैसे उभे करायला मॅन, ब्रिन्सली श्वार्ट्झ आणि हॉकविंड हे तीन बँड एकत्र आले. त्याचा दुहेरी अल्बम मर्यादित प्रतींत, दीड पौंडाला विकला. त्याच रात्रीच्या टेपमधून हॉकविंडचं 'सिल्व्हर मशीन' निघालं, त्यावर बँडमधल्या लेमीचा आवाज नंतर भरला, आणि ते ब्रिटनच्या यादीत तिसऱ्या क्रमांकापर्यंत गेलं. तुमच्या संचात हॉकविंड आहे म्हणालात ना, कोणतं गाणं ते नक्की सांगा.

दुसरं, किंग क्रिम्सन या बँडचं 'अर्थबाउंड', तेही १९७२ चं. अमेरिकेच्या दौऱ्यात मिक्सरला जोडलेल्या साध्या कॅसेट यंत्रावर टेप केलेलं. आयलंड कंपनीनं ते 'हेल्प' या आपल्या स्वस्त शाखेतून काढलं, अमेरिकेतल्या कंपनीनं आवाजाच्या दर्जामुळे नाकारलं. आवाज फाटका आहे, वाद नाही. पण वेष्टनावर काय छापलंय बघा: विल्मिंग्टन, डेलावेअर, ११ फेब्रुवारी १९७२. शहर, दिवस, यंत्र, सगळं. त्या अल्बमवर 'ट्वेंटी फर्स्ट सेंच्युरी स्किट्झॉइड मॅन' ऐकताना मला तो फाटकेपणा टोचत नाही, कारण मी कुठे उभी आहे ते मला माहीत असतं.

किमतीचंच म्हणाल तर पीटर फ्रॅम्प्टनचा दुहेरी लाइव्ह अल्बम १९७६ च्या जानेवारीत आला तेव्हा अमेरिकेत किंमत ७.९८ डॉलर होती. एकेरी तबकडी ६.९८ ला मिळायची. एका डॉलरच्या फरकात दोन तबकड्या! तो त्या वर्षी अमेरिकेतल्या घराघरांत पोचला त्यात या एका डॉलरचाही वाटा आहे असं मी धरून चालते.

निखळ_आवाज

लीड्सवासी, 'अर्थबाउंड'चं मान्य. शहर आणि दिवस छापला असेल तर फाटका आवाजही मी ऐकेन. माझा राग मुळात बेनाव मालावर आहे.

एल्बेकाठी

आपल्या शास्त्रीय संगीताच्या मैफलींच्या टेपांची देवाणघेवाण करणारे जुने लोक आठवा. माझे एक काका कॅसेटच्या कडेवर बारीक अक्षरांत गाव, तिथी, कोणाचं घर, तबल्याला कोण, पेटीला कोण, एवढं लिहायचे. त्याशिवाय कॅसेट कपाटात जायची नाही. तेवढं लिहिलेलं असलं की खराब टेपलाही मान मिळायचा.

मिरजेचा_सूर

उशिरा आलो, पण दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर अजून कोणी दिलेलं नाही म्हणून लिहितो. मी आमच्या गावच्या ऑर्केस्ट्रात तीस वर्षं माऊथ ऑर्गन वाजवला. टेपरेकॉर्डर यांनी लिहिलंय, 'शब्द संपतो तिथेच वाद्य सुरू होतं'. हे वाक्य वाचलं आणि अंगावर काटा आला. असं वाजवणारे थोडे आहेत, आणि यार्डबर्ड्सच्या साथीनं वाजवलेला एकच.

तो सनी बॉय विल्यमसन. या नावाचे दोन होते, हा दुसरा, खरं नाव अलेक मिलर. १९६३ मध्ये अमेरिकन ब्लूज कलावंतांच्या ताफ्याबरोबर युरोपात आला आणि ताफा परतल्यावर इंग्लंडमध्ये थांबला. तिथल्या पोरांनी त्याची साथ केली. यार्डबर्ड्सबरोबरचं रेकॉर्डिंग ८ डिसेंबर १९६३ चं, लंडनजवळच्या रिचमंडमधल्या क्रॉडॅडी क्लबमध्ये. टेप जॉर्जिओ गोमेल्स्कीनं करवली, तो क्लबही त्याचाच आणि बँडचा व्यवस्थापकही तोच. गिटारवर एरिक क्लॅप्टन, वय १८. तबकडी आली १९६६ मध्ये, सनी बॉय १९६५ च्या मे महिन्यात वारल्यानंतर. पुढे क्लॅप्टन मोठा झाला आणि हीच गाणी स्वस्त संकलनांत त्याच्या नावानं फिरू लागली. गाणारा आणि वाजवणारा म्हातारा पुठ्ठ्यावरून गळून पडला. गिटार मागे आहे असं तुम्हाला वाटलं ते बरोबरच आहे, पोरं त्याच्यापुढे जपून वाजवतायत. 'बाय बाय बर्ड' मिळालं तर ऐका. त्यात दोन्ही हातांच्या ओंजळीत वाद्य बंद करून उघडताना सूर कसा रडतो ते कळेल. मी ती एक जागा बसवायला दोन वर्षं घालवली.

आणि कलम_अडतीस यांना एक सांगायचं आहे. तुम्ही 'किंग बिस्किट फ्लॉवर अवर' लिहिलंत, ते नावसुद्धा याच माणसापाशी जातं. अमेरिकेत आर्कान्सामध्ये हेलेना नावाचं गाव आहे. तिथल्या केएफएफए केंद्रावर १९४१ च्या नोव्हेंबरात 'किंग बिस्किट टाइम' हा दुपारचा कार्यक्रम सुरू झाला. किंग बिस्किट हा पिठाचा छाप, कार्यक्रमाचा खर्च ती पीठवाली कंपनी करायची. आणि त्यात रोज वाजवायचा तो सनी बॉय, सोबत रॉबर्ट लॉकवूड. दुपारच्या सुट्टीत शेतावरचे मजूर रेडिओभोवती जमायचे. त्याची कीर्ती इतकी झाली की कंपनीनं मक्याच्या पिठाला 'सनी बॉय' नाव दिलं आणि पिशवीवर त्याचं चित्र छापलं. तीस-बत्तीस वर्षांनी न्यूयॉर्कच्या रॉकवाल्यांनी आपल्या कार्यक्रमाला त्या कार्यक्रमाची आठवण म्हणून नाव दिलं, 'फ्लॉवर' हा पीठ आणि फूल यांच्या इंग्रजी उच्चारातला खेळ.

पिठाच्या पिशवीवर ज्याचं चित्र होतं त्याचं नाव सीडीच्या पुठ्ठ्यावर नाही, याचं मला फार वाईट वाटतं.

कलम_अडतीस

मिरजेचा_सूर, मी इतकी वर्षं ते नाव कागदपत्रांत वाचतेय, हे माहीत नव्हतं. धन्यवाद, काका.

टेपरेकॉर्डर (मुंबई)

मिरजेचा_सूर, तुमचा प्रतिसाद काल रात्री वाचला आणि लगेच हेडफोन लावले. गाणं मी आधी पंधरा-वीस वेळा ऐकलं होतं. काल पहिल्यांदा खोली दिसली. रिचमंड, डिसेंबरची थंडी, साठीकडे झुकलेला माणूस आणि त्याच्या मागे श्वास धरून उभी असलेली १८-२० वर्षांची पोरं. एका कडव्यानंतर गिटार अर्धी मात्रा आधी येते आणि लगेच थांबते. इतके दिवस मला ती चूक वाटत होती. आता वाटतं, क्लॅप्टन त्याच्या श्वासाकडे बघत होता आणि श्वासाचा अंदाज चुकला.

आज सकाळी संचातला आतला कागद बाहेर काढला आणि सातव्या गाण्यापुढे शाईच्या पेननं लिहिलं: सनी बॉय विल्यमसन, गायन आणि माऊथ ऑर्गन. क्रॉडॅडी क्लब, रिचमंड, ८ डिसेंबर १९६३. बीटल्सच्या दोन गाण्यांपुढे पेन्सिलीनं लिहिलंय: स्टार-क्लब, हॅम्बुर्ग, डिसेंबर १९६२. एल्बेकाठी, तुम्ही 'बहुधा' म्हणालात म्हणून पेन्सिल. दोन्ही गाण्यांची पहिली तीस सेकंदं तुम्हाला पाठवतो, पडताळून सांगा, मग शाई.

सातारकर, तुमची टाळ्यांची युक्ती करून पाहिली. पहिल्या सीडीवर चौथं, नववं आणि अकरावं, तीन वेगळे बँड. तिन्हींच्या शेवटी डाव्या कानात एक लांब शिट्टी आणि पाठोपाठ एका बाईची हाक, तीच, त्याच अंतरानं. नवव्यावर तर गाणं संपायच्या आधीच टाळ्या सुरू होतात. 'हायवे स्टार' मात्र स्वच्छ आहे. ते ७ मिनिटं ५२ सेकंदांचं आहे, आणि सोलोनंतर गायक गिलन श्वास घेऊन गायला येतो तिथे कोणीतरी मागून काठी आपटल्यासारखा एक ठोका आहे. ओसाका, टोकियो की आणखी कुठलं? कोणाकडे दौऱ्यातल्या इतर रात्रींच्या टेप असतील तर ती जागा ऐकून सांगा.

लीड्सवासी, हॉकविंडचं 'मास्टर ऑफ द युनिव्हर्स' आहे. राउंडहाउसचं असेल का?